पंपाखालचे पेट्रोल

पेट्रोल पंप बंद झाला, यंत्रे उचलली गेली, छत उतरवले गेले आणि जागेवर काँक्रीटचा चौथरा तेवढा उरला, की ती जागा मोकळी झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु पंपाचा मोठा भाग मुळातच जमिनीखाली असतो, आणि ज्या टाक्या व नळ तेथे पंधरा-वीस वर्षे मातीत राहिले त्यांनी त्या मातीत काय सोडले आहे, हे वरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. गळती बहुधा टाकी फुटल्यामुळे होत नाही. नळांचे सांधे सैल होतात, पत्र्याच्या टाकीला गंजून सुईएवढे छिद्र पडते, टँकर रिकामा करताना भरणनळीच्या तोंडाशी थोडे थोडे पेट्रोल सांडत राहते, आणि या किरकोळ गोष्टी वर्षानुवर्षे चालू राहतात.

पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे खुणा केलेली काठी टाकीत सोडून साठा मोजतात, आणि आलेला माल, मीटरवरची विक्री व उरलेला साठा यांचा मेळ घालतात. दररोज पाच लिटरची तूट आली तर वर्षाला अठराशे लिटरांहून अधिक पेट्रोल जमिनीत जाते; पण ही पाच लिटरची तूट पकडणे हिशेबनिसाला वाटते तितके सोपे नसते, कारण पेट्रोल उष्णतेने चांगलेच प्रसरण पावते. बारा हजार लिटरांचा टँकर उन्हात तापून आला आणि तो माल जमिनीखालच्या थंड टाकीत दहा अंशांनी निवला, तर केवळ आकुंचनामुळे शंभराहून अधिक लिटरांची घट वहीत दिसते. अशा घटीवाढीच्या आड लहान गळती सहज लपते, आणि हिशेबात कोठे पाणी मुरते आहे हे लक्षात येईपर्यंत जमिनीत बरेच पेट्रोल मुरलेले असते.

जमिनीत शिरलेले पेट्रोल एकाच रूपात राहत नाही, आणि सफाईचे सारे अवघडपण यातच आहे. त्याचा एक भाग मातीच्या कणांमधील पोकळीत अडकून बसतो. तेलाचा बुधला कितीही वेळ उपडा ठेवला तरी त्याच्या कडांना तेल राहते, तसे हे पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली वाहत नाही आणि उपसूनही हाती लागत नाही. दुसऱ्या भागाची वाफ होते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीतील पोकळ्यांतून, गटारांतून आणि वाहिन्यांच्या चरांतून पसरत शेजारच्या तळघरापर्यंत पोचू शकते. तिसरा भाग भूजलपातळीपर्यंत उतरतो आणि पाण्याहून हलका असल्यामुळे तिच्यावर तरंगतो. चौथा भाग पाण्यात विरघळतो. तो प्रमाणाने सर्वांत लहान असला तरी विहिरींच्या दृष्टीने सर्वांत घातक असतो, कारण तो पाण्याबरोबर प्रवास करतो.

विरघळणाऱ्या या घटकांमध्ये बेंझिन अग्रभागी आहे. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेने ५ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भारतात आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण जास्तीत जास्त एक टक्का असते, म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे पावणेनऊ ग्रॅम. एवढे बेंझिन पाण्यात समप्रमाणात मिसळले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपर्यंत दूषित होईल. प्रत्यक्षात असे समप्रमाणात मिसळणे होत नाही, पण जेथे गळती शेकड्यांनी किंवा हजारांनी लिटर मोजली जाते तेथे काय घडत असेल याची कल्पना एवढ्या हिशेबावरून येते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या वायव्येस पोर्ट वायनीमी येथे नौदलाचा तळ आहे. या तळावरील पेट्रोल पंपाच्या नळांतून १९८४ च्या सप्टेंबरपासून १९८५ च्या मार्चपर्यंत सुमारे ४१ हजार लिटर पेट्रोल झिरपले, असे साठ्याच्या नोंदींवरून पुढे दिसून आले. जमीन वाळूची होती आणि पाणी अवघ्या तीनएक मीटरांवर होते, म्हणजे पेट्रोल पसरण्यास सर्व काही अनुकूल होते. बेंझिन आणि त्याचे भाईबंद पंपाच्या आसपासच्या भागातच राहिले. परंतु पेट्रोलमधील एका वेगळ्याच द्रव्याचा पट्टा सुमारे दीड किलोमीटर लांब आणि दीडशे मीटर रुंद झाला. ते द्रव्य म्हणजे मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, ज्याला आद्याक्षरांवरून एमटीबीई म्हणतात.

पेट्रोलमधून शिसे काढून टाकण्याचे धोरण आले तेव्हा इंजिनातील ठोका टाळण्यासाठी शिशाऐवजी काहीतरी हवे होते, आणि पुढे १९९० च्या हवाशुद्धी कायद्यातील दुरुस्तीने धुराचे प्रदूषण कमी करण्याकरिता पेट्रोलमध्ये प्राणवायूयुक्त द्रव्य मिसळणे अमेरिकेच्या अनेक भागांत सक्तीचे केले. एमटीबीईने ही दोन्ही कामे स्वस्तात केली, म्हणून ते पेट्रोलमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत जाऊ लागले. हवेसाठी केलेला हा उपाय पाण्याच्या मुळावर आला. हे द्रव्य पाण्यात बेंझिनच्या कितीतरी पट विरघळते, मातीच्या कणांना जवळजवळ चिकटत नाही, पाण्यातून हवेत सहजासहजी जात नाही आणि लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव आणते. सांता मोनिका शहराला १९९६ साली याच कारणाने आपल्या विहिरी बंद कराव्या लागून पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा पुरवठा गमवावा लागला, आणि कॅलिफोर्नियाने अखेरीस २००४ पासून हे द्रव्य पेट्रोलमधून हद्दपार केले. कायदा करताना हवा आणि पाणी यांचा विचार एकाच टेबलावर झाला असता, तर ही पाळी आली नसती, असे म्हणणे भाग आहे.

अशा जागेची सफाई सुरू होते ती खोदकामाने नव्हे, तर शोधाने. जमिनीत ठिकठिकाणी भोके पाडून प्रत्येक खोलीवरची माती बाहेर काढतात, तिच्यातून निघणाऱ्या वाफेचे मोजमाप हातातल्या उपकरणाने जागेवरच घेतात, आणि निवडक भोकांत चिरा पाडलेला प्लॅस्टिकचा नळ बसवून निरीक्षण कूपनलिका तयार करतात. तीन कूपनलिकांमधील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजली, की भूजल कोणत्या दिशेला उतरते आहे हे कळते. पाण्यावर तेलाचा तवंग किती जाड आहे हे कळण्यासाठी फितीच्या टोकाला लावलेला संवेदक आत सोडतात. तो तेलाला स्पर्श करताच एक आवाज देतो आणि पाण्याला स्पर्श करताच दुसरा. हे काम कंटाळवाणे व खर्चिक असते, आणि पैसे वाचवण्याच्या नादात नेमकी येथेच काटकसर केली जाते. मग पट्टा गेलेला असतो पूर्वेला आणि उपसा चाललेला असतो दक्षिणेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टाकी काढताना आधी तिच्यातील वाफ निष्क्रिय वायूने हुसकावून लावावी लागते, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. टाकीखालची सर्वांत दूषित माती खणून नेणे हा उपाय जलद आणि खात्रीचा आहे, पण तो पाच-सहा मीटर खोलीपर्यंतच परवडतो, आणि नेलेल्या मातीवर पुढे प्रक्रिया झाली नाही तर उपद्रव एका गावातून दुसऱ्या गावात हलवल्यासारखे होते.

भूजलाच्या वरच्या कोरड्या थरातील पेट्रोलसाठी मातीतील हवा शोषून काढण्याची पद्धत फार उपयोगी ठरली आहे. चिरा पाडलेले नळ जमिनीत उभे बसवून त्यांना शोषणयंत्र जोडले, की वरून ताजी हवा मातीत शिरते आणि पेट्रोलच्या वाफा घेऊन नळातून बाहेर येते. या वाफा सक्रिय कोळशाच्या पिंपातून नेतात किंवा जाळून टाकतात. पहिल्या काही आठवड्यांत प्रचंड प्रमाणात वाफ निघते, नंतर आकडा झपाट्याने उतरतो आणि अनेकांना काम संपले असे वाटते. यंत्र महिनाभर बंद ठेवून पुन्हा सुरू केले की आकडा परत वर चढलेला दिसतो, कारण चिकणमातीच्या बारीक थरांत दडलेले पेट्रोल तेवढ्या अवधीत हळूहळू मोकळ्या वाळूत उतरलेले असते. यंत्र बंद ठेवून पुन्हा मोजल्याशिवाय सफाई पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, हा या व्यवसायातला अनुभवाने आलेला नियम आहे.

पाणी उपसून, ते मनोऱ्यातून खाली सोडून, त्यात हवा खेळवून आणि मग कोळशातून गाळून स्वच्छ करणे ही सर्वांत जुनी पद्धत. दूषित पाण्याचा पट्टा पुढे सरकू न देण्यासाठी ती आजही वापरली जाते. मात्र जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, पूर्ववत करण्याच्या कामी तिने निराशाच केली, कारण उपसलेल्या पाण्याच्या जागी जे नवे पाणी येते ते अडकलेल्या पेट्रोलला पुन्हा स्पर्श करून पुन्हा दूषित होते, आणि हे चक्र दशकानुदशके चालू शकते.

खरी सफाई बहुतेक ठिकाणी जीवाणूंनी केलेली आहे. पेट्रोलचे बहुतेक घटक मातीतील सामान्य जीवाणूंचे अन्न असतात. अडचण अन्नाची नसून प्राणवायूची असते. अमेरिकेतील सन ऑइल कंपनीचे रिचर्ड रेमंड यांनी पेनसिल्व्हेनियातील अँब्लर येथे एका पेट्रोलवाहिनीच्या गळतीनंतर १९७२ मध्ये जमिनीत हवा आणि नत्र-स्फुरदयुक्त पोषकद्रव्ये सोडून स्थानिक जीवाणूंकरवी हे काम करून घेतले, आणि १९७४ मध्ये त्या पद्धतीचे पेटंट त्यांना मिळाले. एक ग्रॅम पेट्रोलचे पूर्ण विघटन होण्यासाठी तीन ग्रॅमांहून अधिक प्राणवायू लागतो. एका लिटर पेट्रोलचा हिशेब केला तर तो सव्वादोन किलोंच्या पुढे जातो. आणि हवेशी संपृक्त झालेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ ते १० मिलिग्रॅम प्राणवायू मावत असल्यामुळे तेवढा प्राणवायू पाण्यावाटे पोचवायचा तर अडीच लाख लिटर पाणी जमिनीतून फिरवावे लागेल. तोच प्राणवायू आठ-नऊ घनमीटर हवेत असतो. पाणी फिरवण्यापेक्षा हवा फिरवणे अभियंत्यांनी का पसंत केले, हे या हिशेबातून आपोआप स्पष्ट होते. कोरड्या थरात मंद गतीने हवा सोडणे आणि भूजलपातळीच्या खाली हवेचे बुडबुडे सोडणे या दोन्ही पद्धती त्यातूनच रूढ झाल्या.

तेल खाणाऱ्या जीवाणूंचे नाव निघाले की आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण त्यांनी घडवलेल्या जीवाणूवरून १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवाला पेटंट देता येते असा निकाल दिला. तो जीवाणू न्यायालयात जिंकला, पण प्रत्यक्ष सांडलेल्या तेलावर मात्र त्याला कामाला लावले गेले नाही. पंपांखालचे पेट्रोल संपवणारे जीवाणू अनामिक आणि स्थानिकच राहिले.

एमटीबीईच्या बाबतीत मात्र हे स्थानिक जीवाणू कमी पडतात असे प्रथम वाटले होते, कारण या रेणूतील ईथरचा बंध तोडणे त्यांना जड जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केट स्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील कंपोस्टच्या गाळणीतून पीएम-१ नावाचा जीवाणू वेगळा केला, जो केवळ एमटीबीईवर जगू शकतो. त्याचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास पोर्ट वायनीमीच्या तळावर नौदलाचे अभियंते, ॲरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधक आणि शेल कंपनीचे शास्त्रज्ञ यांनी दुसऱ्या एका जीवाणू-समूहाचा प्रयोग केला. दीड किलोमीटरच्या पट्ट्याच्या मागे धावण्याऐवजी त्यांनी पेट्रोल जेथे अडकले होते त्याच्या लगेच पुढे, पाण्याच्या प्रवाहाला आडवी, सुमारे दीडशे मीटर रुंदीची एक अदृश्य भिंत उभी केली. ही भिंत म्हणजे अडीचशेच्या आसपास बारीक वायुनलिकांची रांग होती. झडपा ठरलेल्या वेळी आपोआप उघडून प्राणवायूचे किंवा हवेचे झोत जमिनीत सोडत, आणि काही भागांत बाहेरून आणलेले जीवाणू पेरलेले होते. दूषित पाणी आपल्या नैसर्गिक गतीने या पट्ट्यात शिरे आणि पलीकडे निघे तेव्हा त्यातील एमटीबीई लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या खाली आलेले असे. २००० साली हा जैविक बांध पूर्ण लांबीवर सुरू झाला.

या प्रयोगात शिकण्यासारखे असे, की ज्या भागांत जीवाणू न पेरता केवळ प्राणवायू सोडला तेथेही काही महिन्यांच्या विलंबाने एमटीबीई नाहीसे होऊ लागले. म्हणजे जीवाणू तेथे होतेच, त्यांचा श्वास कोंडलेला होता. बाटलीबंद जीवाणूंची जाहिरात करणाऱ्यांना ही गोष्ट फारशी आवडणारी नाही. तरीही या बांधाची मर्यादा लपवण्याचे कारण नाही: मागचे पेट्रोल जागच्या जागी असते, ते झिरपत राहते, आणि जोवर ते संपत नाही तोवर भिंत चालू ठेवावी लागते.

काही वेळा भिंतीचीही गरज नसते. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील २७१ गळतीस्थळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेंझिनचा पट्टा ऐंशी मीटरांच्या आतच स्थिरावलेला आढळला, कारण जितके बेंझिन पुढे सरकत होते तितके जीवाणू संपवत होते. त्यातून निसर्गावर सोपवून केवळ देखरेख ठेवण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. देखरेख हा त्यातला कळीचा भाग आहे. पट्ट्याच्या गाभ्यात विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट आणि सल्फेट घटलेले, आणि विरघळलेले लोह व मिथेन वाढलेले दिसले पाहिजेत, कारण जीवाणू काम करत असल्याचा तो पुरावा असतो. मोजमापच न करता ‘निसर्ग पाहून घेईल’ म्हणणे याला पद्धत म्हणत नाहीत.

अमेरिकेला हे सारे करता आले त्यामागे पैशाची व्यवस्था होती. १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला, १९८६ मध्ये पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून गळतीनिधी उभारला गेला, आणि जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची मुदत दिली गेली. तेथे आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली असून त्यांपैकी दहांतील जवळपास नऊ जागांची सफाई पूर्ण झाली आहे. शोधायला गेले म्हणून त्या सापडल्या.

महाराष्ट्रात वायनीमीची वाळू नाही. राज्याचा चार पंचमांश भाग बेसाल्टच्या काळ्या कातळाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक आणि त्याखाली भेगांचा कातळ, असा येथील विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेला क्रम असतो. या भेगांतून पाणी सरळ रेषेत वाहत नाही. शेजारच्या विहिरीला वास येणार नाही आणि तिसऱ्या आळीतल्या बोअरला येईल असे घडू शकते, म्हणून तीन कूपनलिकांवरून दिशा ठरवण्याची पाठ्यपुस्तकी रीत येथे पुरेशी पडत नाही. शिवाय पावसाळ्याने विहिरींची पातळी कित्येक मीटर चढते आणि उन्हाळ्यात तितकीच उतरते. तरंगते पेट्रोल तिच्याबरोबर वरखाली होताना जाड थरभर माखले जाते, आणि ऑक्टोबरात विहिरीत न दिसलेला तवंग मे महिन्यात दिसू लागतो. येथे तपासणी करायची तर ती निदान या दोन्ही ऋतूंत करावी लागेल.

आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतील. देशभरात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, त्यामुळे त्याआधीच्या पंपांखाली शिशाबरोबर वापरले जाणारे इथिलीन डायब्रोमाइडसारखे विषारी द्रव्यही असू शकते, आणि नेहमीच्या चाचणीत ते शोधलेच जात नाही. दुसरी गोष्ट इथेनॉलची. उसाच्या मळीपासून व रसापासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते; ते स्वतः फार घातक नाही, परंतु जीवाणू ते आधी खातात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझिन तसेच पुढे जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दीर्घकाळ वापरणाऱ्या ब्राझीलमध्ये, फ्लोरियानोपोलिस येथील संशोधकांनी हा परिणाम प्रत्यक्ष जमिनीवर अभ्यासला आहे. ऊस पिकवणाऱ्या राज्याला या संशोधनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पेट्रोलच्या साठ्याचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, पर्यावरण अभियांत्रिकीतील नीरी ही राष्ट्रीय संस्थाही नागपुरातच आहे, आणि राज्यभरच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्य सरकारच्याच हाताशी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांच्या जागांबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, ज्यांत संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने करायची, तपासणी राज्य मंडळाने करवायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा असे ठरले आहे. जुन्या बंद पंपांच्या जागा या यादीत आपणहून येणार नाहीत. त्या कोणीतरी कळवाव्या लागतील. शहरातील मोक्याच्या चौकातला बंद पंप पाडून तेथे इमारत उभी राहत असेल, तर घर घेणाऱ्याने टाक्या काढल्याची कागदपत्रे आणि माती व भूजलाच्या तपासणीचा अहवाल बांधकाम व्यावसायिकाकडे लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत त्या आवारातील बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरू नये.